वजन उतरलं, आता पुढे काय?

कोणी लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, कोणी घरी भांडी आवरता आवरता. आजचा विषय आहे वजन, पण जरा दुसऱ्या बाजूने. वजन कमी कसं करायचं यावर यूट्यूबवर इतके व्हिडिओ आहेत की ते बघता बघताच वजन वाढेल. आपण बोलणार आहोत त्याच्या पुढच्या भागाबद्दल. उतरलेलं वजन परत येऊ नये म्हणून काय करायचं?

आधी माझे आकडे सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी कळंबचा. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राला लागून. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत आणि उरलेले ट्रेनमध्ये. उंची १७५ सेंटीमीटर. पंचविसाव्या वर्षी ऑफिसच्या मेडिकल चेकअपमध्ये वजन निघालं ९१ किलो आणि एचबीए१सी ६.१. ही साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. माझ्या बाबांना सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली होती. मी त्यांच्यापेक्षा बावीस वर्षं आधीच उंबरठ्यावर जाऊन उभा होतो. पुढच्या अकरा महिन्यांत वजन ७६ वर आलं. आज मी अठ्ठावीसचा आहे, आणि गेली दोन वर्षं काटा ७५ ते ७८ मध्ये फिरतोय. या दोन वर्षांबद्दल मला जास्त बोलायचंय.

पण पहिला प्रश्न असा की आपल्याकडे पंचविशीत हे होतंच कसं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम यावर जगप्रसिद्ध आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर जुळे भाऊ, आतून हा फरक! आता युडकिन मॅरेथॉन धावायचे, तोही एक भाग होता. पण मुद्दा असा की आपण भारतीय लोक हातापायाने बारीक आणि पोटाने भरलेले असू शकतो. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० ही मर्यादा. माझा बीएमआय आज २४.८ आहे, म्हणजे तक्त्याप्रमाणे मी अजूनही जास्तच. पण कंबर १०२ वरून ८९ वर आलीय आणि एचबीए१सी ५.५. त्यामुळे काट्यासोबत शिंप्याची टेपही घरात ठेवा. वीस रुपयांचं काम आहे.

आता डाएट. २०१८ च्या आसपास महाराष्ट्रात घराघरांत एकच वाद चालू होता, आठवतंय? दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ही मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, असं ते स्वतःच सांगतात. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप-भाताला घाबरू नका, आजी खायची ते खा. दोन्ही एकदम उलट! आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं होती. आमच्या गल्लीतसुद्धा दोन पार्ट्या होत्या.

असं कसं? मी इंजिनिअरसारखा विचार केला. दोन वेगळे कोड एकच आउटपुट देत असतील तर त्यांच्यात काहीतरी कॉमन असणार. आणि आहे. दोन्हीकडे बिस्किटं गेली, फरसाण गेलं, कोल्ड्रिंक गेलं. दोन्हीकडे घरचं जेवण आलं. दोन्हीकडे येता-जाता तोंडात टाकणं बंद झालं आणि शरीर हलायला लागलं. म्हणजे वेळापत्रक तुमच्या सोयीचं कुठलंही धरा. फक्त ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायच्या नाहीत. त्यात साखर अचानक खाली जाण्याचा खरा धोका असतो.

मग वजन परत का येतं? आपण म्हणतो, आळस, जिभेवर ताबा नाही. पण हिशोब बघा. ९१ किलोच्या शरीराला रोज जेवढं इंधन लागतं, तेवढं ७६ किलोच्या शरीराला लागत नाही. ट्रक विकून बाईक घेतली, तर टाकीत ट्रकचं डिझेल ओतून कसं चालेल? वर शरीर थोडी काटकसरही करायला लागतं. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' नावाचा टीव्ही शो होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. शोमध्ये सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि त्यांचं शरीर आराम करताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांनी खूप आणि झपाट्याने वजन उतरवलं होतं. आपल्यासारख्यांचा फरक एवढा मोठा नसतो, पण दिशा तीच.

आता बाजारात इंजेक्शनं आलीयेत. मधुमेह आणि जास्त लठ्ठपणात ती उपयोगी आहेत, डॉक्टर देतात, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यांच्याही एका मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणजे पद्धत कुठलीही असो, ती थांबली की वजन परतीची गाडी पकडतं. तर मग तीन महिने करू आणि मग नॉर्मल होऊ, या वाक्यातच गडबड आहे. जे काही कराल ते चाळिशीतही करता आलं पाहिजे.

म्हणून मी प्रत्येक सवयीला एक परीक्षा लावतो. ज्या दिवशी सगळं बिघडलंय, त्या दिवशी ही सवय जगेल का? ट्रेन लेट, रात्री रिलीज, जुलैचा पाऊस, नालासोपाऱ्यात पाणी भरलंय, वर घरात कोणाची तरी हळद. त्या दिवशी टिकेल ती सवय माझी.

एक उदाहरण देतो. घरापासून किनारा जवळ, तेव्हा सगळे म्हणायचे, रोज सकाळी सहाला बीचवर चाल ना! ऐकायला छान. पण चालायला ओली, घट्ट वाळू लागते, ती ओहोटीला मिळते. आणि भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सहाला ओहोटी असेल तर आठवड्याने त्याच वेळी भरती, पायाखाली भुसभुशीत वाळू. कोळीदादांना हे पाठ असतं, माझ्या अलार्मला नाही. म्हणून किनारा रविवारसाठी ठेवला. रोजचं चालणं मी अशा गोष्टीला बांधलं जी रोज होतेच, घरी परत येणं. रिक्षा निर्मळला सोडायची आणि पुढचं पायी. धो धो पाऊस असेल त्या दिवशी ऑफिसचे जिने.

चालण्याने वजन किती उतरतं? खरं सांगू, फार नाही. तासभर चाललं की साधारण दोन-अडीचशे कॅलरी जातात, आणि एक वडापाव ते सगळं भरून काढतो. पण टिकवायला चालणं फार कामाचं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवणाऱ्या लोकांची. हजारो नोंदी आहेत. उतरवण्याच्या पद्धती अनेक, पण टिकवण्यात साम्य दिसतं. ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर हालचाल करतात, ७८ टक्के रोज नाश्ता करतात, ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. यातला नाश्ता दीक्षितवाल्यांनी मनावर घेऊ नये, ते लोक दुसऱ्या देशातले आहेत. पण वजन बघणं मी उचललं.

दर बुधवारी सकाळी. बुधवारच का? रविवारी आमच्याकडे सुका बोंबील, सुकट. मिठाचा माल. सोमवारी काटा किलोभर वर दाखवतो, ते मिठाने धरलेलं पाणी असतं, चरबी नव्हे. बुधवारपर्यंत उतरतं. आणि माझा एक अलर्ट ठरलेला आहे. सलग दोन बुधवार ७८ च्या वर गेलो की चार गोष्टी तपासायच्या. चहातली साखर, ऑफिसमधलं फरसाण, चालणं आणि झोप. सर्व्हर बंद पडायची वाट कोण बघतं? अलर्ट वाजला की लॉग बघायचे. दोन किलोवर पकडलं तर काम पंधरा दिवसांचं असतं, पंधरा किलोवर पकडलं तर वर्षाचं.

झोप का, असं विचाराल. शिकागोमध्ये ८० कमी झोपणाऱ्या तरुण लोकांवर एक प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. फक्त झोप तासाभराने वाढवली, डाएट काही सांगितलं नाही, तरी त्यांचं खाणं रोज सरासरी २७० कॅलरीने कमी झालं. रात्री एक वाजता रील बघताना भूक लागते ती कुठून येते, कळलं?

आता ताट. आमच्या घरात काहीही नवीन येत नाही. किन्वा नाही, ॲव्होकाडो नाही. तांदळाची भाकरी, भात, मासळी, वाल, पालेभाजी, तेच. फक्त क्रम बदलला. आधी भाजी आणि मासळी, मग भात. आईला सांगितलं, भात शेवटी वाढ. तोपर्यंत पोट अर्धं भरलेलं असतं. रवा लावून तळलेली मासळी रविवारी, बाकी दिवस कालवण. चहा दिवसाला चार होते, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे रोज दीडशे कॅलरी नुसत्या चहातून. आता दोन कप, अर्धा चमचा.

आणि तेल. हा हिशोब तुम्ही आज घरी करून बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम पडतं. एका ग्रॅमला ९ कॅलरी. साडेतीन लिटरवर आणलं तर माणशी रोज शंभर कॅलरी वाचतात, आणि चवीत फरक फारसा कळत नाही. यात एक फायदा असा की एकट्याचं डाएट राहत नाही, पूर्ण घराचं होतं. बाबांनाही उपयोग झाला.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा. काट्यावर आकडा हलत नाही म्हणून सोडून देणारे खूप असतात. त्यांनी चेन्नईचा एक अभ्यास ऐकावा. साखरेच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर झालेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं! म्हणजे सवय आपलं काम करत असते, काट्याला कळो न कळो.

तर या आठवड्यात एकच करा. तेलाचा कॅन कधी उघडला ती तारीख मार्करने त्याच्यावर लिहून ठेवा. संपला की दिवस मोजा. पुढचं आपोआप सुचेल. घरात कोणाला साखर असेल तर हा भाग त्यांनाही ऐकवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि आज वेळेवर झोपा.