परदेशी शिक्षण आणि वऱ्हाडचा एक विद्यार्थी

नांदुरा स्थानकावरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर लोहमार्गाने वऱ्हाडचा कापूस जसा बंदरापर्यंत पोहोचला, तसेच वऱ्हाडचे काही विद्यार्थीही. आणि त्यांत अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे पंजाबराव देशमुख, जे 1920 साली, घरची शेतजमीन गहाण टाकून उभारलेल्या पैशाच्या बळावर विलायतेस गेले, त्यांचे उदाहरण मला विशेष मननीय वाटते. सावकाराच्या दप्तरी अडकलेला तो जमिनीचा तुकडा शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने केवढा असतो, हे नांदुऱ्याच्या श्रोत्यांस मी काय सांगावे!

एडिंबरोत त्यांनी एम.ए. केले, बॅरिस्टरी संपादिली आणि ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमविकासावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. वेद अभ्यासावयास सातासमुद्रापार जावे, हे वरकरणी विपरीतच. परंतु आपल्या परंपरेकडे भक्तीच्या किंवा तिरस्काराच्या आहारी न जाता, परीक्षकाच्या दृष्टीने पाहावयाची सवय परमुलखातच बहुधा लवकर जडते.

परतल्यावर या गृहस्थांनी निव्वळ वकिलीत धन्यता मानली नाही. अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून भिन्नभिन्न जातींच्या मुलांस एका छताखाली आणले, अंबादेवी मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून सत्याग्रहात भाग घेतला आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. पुढे ते केंद्रात कृषिमंत्रीही झाले.

देशमुखांना परदेशी शिक्षणासाठी जमीन गहाण टाकावी लागली; आज मात्र अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इच्छुकांनी उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांची तजवीज अखेरच्या तारखेची वाट न पाहता करून ठेवावी. कचेरीची कामे सवडीने होतात.