लाल मधाची घंटा



आपल्या मॉरिशसमध्ये एक झुडूप आहे, ज्याला जगात दुसरं गाव नाही. नेसोकोडॉन मॉरिशियानस हे त्याचं शास्त्रीय नाव. कास्काद सँक-सां-पिए, म्हणजे पाचशे फुटी धबधबा, त्याच्या शेजारच्या उभ्या ओल्या कड्यावर आणि अशाच एखाद-दुसऱ्या जागी ते तग धरून आहे. फूल घंटेसारखं लोंबतं, फिकट निळं-जांभळं. आत डोकावलात तर तळाशी रक्तासारखा लाल मध साठलेला दिसेल.

कड्यावरच्या झाडाला हात लावायचा नाही, हे आधी सांगते. मी बी आणलं ते रोपवाटिकेत वाढवलेल्या झाडाचं. चिमटीत धरलं तर धूळच वाटावी इतकं बारीक. पहिल्या खेपेला मी मेथी-कोथिंबिरीच्या सवयीनं त्यावर बोटभर माती पसरली आणि महिनाभर वाट पाहिली. एक कोंब आला नाही. मग ध्यानात आलं, या झाडाचं बी जमिनीत पडतच नाही! ते पडतं ओल्या खडकावर, शेवाळात, उजेडात.

दुसऱ्या वेळी बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून नुसतं वर भुरभुरलं. पाणी वरून घातलं नाही. कुंडी परातीत ठेवून ओल खालून चढू दिली, वर काच ठेवली. काही आठवड्यांनी मातीवर हिरवे ठिपके दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे. कोंब दिसले की काच रोज थोडी सरकवा, वारा लागू द्या. नाहीतर मर लागते, आणि रात्रीत सगळी रोपं देठातून आडवी होतात.

फुलातला मध लाल का, हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. आपल्या दिवसा फिरणाऱ्या हिरव्या पालींपुढे साधा आणि रंगीत असे दोन्ही मध ठेवून पाहिले, तर त्या रंगीत मधाकडे गेल्या. हा प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रंग कोणत्या द्रव्याचा, ते 2022 मध्ये कळलं. त्या द्रव्याला नाव मिळालं नेसोकोडिन.

आणि या झाडांचा मोठा वैरी कोण? गोयाव द शिन. हंगामात पिशव्या घेऊन आपण ज्याची लाल फळं तोडायला प्लेन शांपानला जातो, तेच. परदेशातून आलेलं हे झाड आपल्या रानात इतकं दाटतं की इथल्या रोपांना उजेडच उरत नाही. फळं जरूर खा, पण त्याचं रोप रानाजवळ लावू नका.

माझ्या झाडाला यंदा पहिली फुलं आली. परवा सकाळी एक पाल देठावरून उलटी उतरली, घंटेत डोकं घातलं आणि बराच वेळ चाटत राहिली. बाहेर आली तेव्हा तिच्या नाकावर पराग होते.