तोंडातलं पाखरू आणि डोळ्यांतलं पाखरू
(अमळनेर येथे दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



संतांच्या वाणीतले पक्षी या विषयावर बोला, असं थोरांनी सांगितलं. विषय गोड आहे. पण याच विषयाने आमची एकदा फजिती केली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आषाढी वारीतला मुक्काम होता. कीर्तनात बुवांनी चातकाचा दृष्टान्त दिला. भूमीवरचं पाणी तो पीत नाही, ढगाकडे चोच करून बसतो. भक्ताने देवाकडे असंच पाहावं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कीर्तन संपलं आणि दिंडीतल्या एका पोऱ्याने विचारलं, "आबा, तो चातक कसा दिखस?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. चाळीस चाळीस वर्षं टाळ वाजवलेली माणसं आम्ही, पण एकालाही सांगता येईना. चातक आमच्या तोंडात होता, डोळ्यांत नव्हता.

मग जाणकारांना विचारलं, शिवारात हिंडलो. दिसला! वरून काळा, पोटाशी पांढरा, डोक्यावर तुरा, शेपूट लांब. हा पक्षी पावसाळी वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो. म्हणजे आपण पंढरीची वाट धरतो त्याच दिवसांत तोही आलेला असतो. बाभळीवर, तारेवर बसून ओरडत असतो. इतकी वर्षं तो वाटेवरच होता, आम्हीच मान वर केली नव्हती.

आता खरं तेही सांगितलं पाहिजे. तो फक्त पावसाचा थेंब पितो, ही कवींची जुनी समजूत. तो अळ्या खातो, आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. हे ऐकून आमच्यातले एक माळकरी चिडून म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात लेकरं टाकणाऱ्याला भक्त म्हणायचं का?" आम्ही म्हटलं, बाबा, दृष्टान्त म्हणजे सोयरीक नव्हे, की सगळं घराणं तपासावं. त्याचा एक गुण घ्यायचा, तहान लागली की वर पाहायचं. बाकीचं चातकाला ठेवायचं.

चकोराचंही तसंच. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात माउली सांगतात की चकोराची पिलं शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण जशी हळुवार मनाने वेचतात, तशी श्रोत्याने ही कथा ऐकावी. खरा चकोर हा तितराच्या जातीचा, हिमालयाकडच्या डोंगरातला पक्षी. चांदण्यावर त्याचं पोट भरत नाही. पण ऐकावं कसं, हे इतक्या मऊपणे दुसऱ्या कोणी सांगितलं?

हे दोन पक्षी जुन्या काव्यातून चालत आलेले. पण संतांचे दुसरे पक्षी अगदी अंगणातले आहेत. विरहिणीच्या अभंगात ज्ञानोबाराय कुणाला विचारतात? कावळ्याला! पंढरीराव घरी कधी येतील ते सांग, तुझे पाय सोन्याने मढवीन. लताबाईंच्या आवाजात हा अभंग रेडिओवरून घरोघर गेला. ज्याला आपण एरवी हाकलतो आणि पितृपक्षात हात जोडून बोलावतो, त्याला माउलींनी देवाच्या निरोपाचा मान दिला. कोकिळेची पिलंही तोच वाढवतो. गोड गळ्याचं कौतुक होतं, पण पोसणाऱ्याला कोण विचारतं?

जनाबाईंची घार घ्या. आकाशात हिंडते, पण चित्त पिलांपाशी. दळण-कांडण करणाऱ्या बाईलाच हे दिसावं, कारण हात जात्यावर आणि मन विठ्ठलापाशी, हे तिचंच जिणं होतं.

आणि आपल्या खान्देशची बहिणाबाई! 1880 साली आसोद्याला जन्मली. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्या लेकरांनी टिपून ठेवलं म्हणून तिची गाणी राहिली, आणि ती गेल्यावर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या खटपटीने पुस्तक निघालं. तिचा सुगरणीचा खोपा शाळेच्या पोरांनाही ठाऊक आहे. हात नाहीत, अवजार नाही, नुसत्या चोचीने एवढी कारागिरी. मग माणसा, तुला तर दोन हात आणि दहा बोटं, हा तिचा सवाल.

पण जाणकार सांगतात, खोपा विणतो नर. आपले सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीमला या पाखराचा बारकाईने अभ्यास केला. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तो पाहते, पसंत पडला तर राहते, मग पुढचं काम होतं. मग बहिणाबाई खोटी ठरली का? मुळीच नाही. चोच खरी, विणकाम खरं, पिलासाठीची धडपड खरी. उलट आम्हा बापांनाच एक धडा जास्तीचा मिळाला.

बहिणाबाईने ते पाखरू विहिरीवरच्या झाडाला लोंबताना पाहिलं असणार, पुस्तकात नव्हे. आज आपल्या शिवारात विहिरीवरची बाभूळ किती उरली? बांध मोकळे झाले, फवारणीने अळी गेली, अळीमागे तिच्यावर जगणारं पाखरू जातं. मिरगाच्या आधी "पेरते व्हा" म्हणणारा पावशा घरातल्या थोरांनी ऐकलेला आहे. नातवंडांनी ऐकला का, ते घरी जाऊन विचारा.

पुढच्या शंभर वर्षांत अभंग राहतील, याची आम्हाला काळजी नाही. काळजी ही की, पोऱ्या विचारेल, "खोपा कसा दिखस?" आणि दाखवायला झाड नसेल. मग दृष्टान्त नुसता शब्द उरेल.

म्हणून आमची विनंती लहान आहे. विहिरीवरच्या बाभळीला खोपे असतील तर पिलं उडेपर्यंत कुऱ्हाड लावू नका. उन्हाळ्यात अंगणात पाण्याचं एक परळ ठेवा. आणि वारीत चालताना लेकरांना बोट करून दाखवा: तो बघ, चातक. विठ्ठलाचं वाहनच गरुड. राउळात गरुडखांबाला मिठी मारतो, तेव्हा आपण एका पाखराच्याच गळ्यात पडतो. तेवढं प्रेम बाकीच्या पाखरांपर्यंतही पोचवू.

काही चुकलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.