मागे कोण आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सदस्यांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर मी लहानपणापासून मोठी मोठी व्याख्यानं ऐकली आहेत. काल ज्ञानेश्वरीवर ऐकलं, परवा अहिल्याबाईंच्या न्यायदानावर. मी काही विद्वान नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या रस्त्यांच्या खात्यात काम करणारा माणूस. घरात कुणी विचारलं की "हा काय करतो?" तर आई सांगायची, "रस्त्यावर असतो." तेव्हा मी रस्त्याबद्दलच बोलणार. कार्यकारिणीने विषय दिला आहे तो असा: कोजागिरीच्या जवळच्या शनिवार-रविवारी आपल्या मंडळाची मोटरसायकल सहल काढायची आहे, ती कशी काढावी.

आधी वाट सांगतो. शनिवारी सकाळी सहाला इंदूरहून निघायचं. पोहे-जलेबी महूत, कारण इंदूरला खाऊन निघू म्हटलं की आठ वाजतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. महूहून मंडलेश्वरचा रस्ता धरायचा. बडगोंद्याच्या पुढे झाडी सुरू होते आणि मग अचानक माळव्याचं पठार संपतं. तिथे कड्यावर उभा आहे तो जाम दरवाजा, अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला. राजधानी खाली महेश्वरला, मुलूख वर माळव्यात, आणि मधे हा विंध्याचा घाट. दरवाज्याच्या सज्जातून खाली पाहिलं की निमाड दिसतं, थेट नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज होळकरांच्या पदरी होते, कुणी फौजेत, कुणी कारकुनीत. महेश्वर आणि इंदूर यांच्यामधल्या अशा घाटवाटांनी त्यांची घोडी आणि बैलगाड्या चढल्या-उतरल्या असतील. मी दर वेळी तिथे उभा राहिलो की हेच मनात येतं, की त्यांचे ब्रेक कसे असतील!

घाट उतरून मंडलेश्वर, तिथून जवळच महेश्वर. मुक्काम तिथे. संध्याकाळी घाटावर बसायचं, चंद्र नर्मदेवर येईल, आटीव दूध तिथेच प्यायचं. त्याचा बंदोबस्त वहिनींनी आधीच हातात घेतला आहे, मी त्यात पडत नाही. रविवारी सकाळी धामनोद, गुजरीकडून वर चढून मांडू. मांडूत जहाज महाल, रूपमतीचा महाल, आणि ती पोट फुगलेल्या खोडाची खुरासानी चिंच बघायची. दुपारचं जेवण करून नालछा, धारवरून अंधार पडायच्या आत घरी. दोन दिवसांत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. मोटरसायकलला काहीच नाही. म्हणूनच माणसं गाफील राहतात.

आता जे सांगणार आहे ते मी या हॉलमध्ये कधी बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही अकरा गाड्या घेऊन याच वाटेने गेलो होतो. मंडळाचीच मुलं, दोन-चार माझ्या वयाचे. नियोजन म्हणजे काय, व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ टाकली आणि कुठे काय खायचं ते ठरवलं. पुढे मी. मी रस्त्यांच्या खात्यातला, घाट मला पाठ, म्हणून पुढारीपण आपोआप माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं. जाम दरवाज्यापाशी धुकं होतं, फोटो झाले, खाली उतरलो. मंडलेश्वरला चहाच्या टपरीवर थांबलो. एकेक गाडी येत गेली. कुणीतरी म्हणालं, सगळे आले. मी मोजलं नाही. चहा घेतला, दुसरा घेतला, हसणं-खिदळणं चाललं होतं. दुधाच्या बरण्या लावलेला एक मोटरसायकलवाला आमच्या गाड्यांजवळ थांबला आणि म्हणाला, "आपका एक लड़का ऊपर घाट में पड़ा है."

गाड्या दहाच होत्या.

तो मुलगा त्या वेळी एकोणीस वर्षांचा. वडिलांची गाडी घेऊन आलेला, घाट पहिल्यांदाच उतरत होता. वळणावर साइडपट्टीची माती पावसाने रस्त्यावर वाहून आली होती, त्यावर त्याने मागचा ब्रेक दाबून धरला आणि गाडी घसरली. देवाची कृपा, डोंगराच्या बाजूच्या नालीत गेला. दुसऱ्या बाजूला दरी होती. गळ्याजवळचं हाड मोडलं, हेल्मेटला तडा गेला, डोकं वाचलं. तो जवळपास पन्नास मिनिटं तिथे होता. फोनला रेंज नव्हती. तो नंतर मला म्हणाला, "काका, मला वाटत होतं तुम्ही आत्ता परत याल."

त्याच्या आईला फोन मी केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रडल्या-ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही पुढे होतात ना? मग मागे कोण होतं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मागे कोणीच नव्हतं. शेवटचा म्हणून आम्ही कुणाला नेमलंच नव्हतं. सगळ्यांत नवखा, सगळ्यांत हळू चालवणारा मुलगा आपोआप शेवटचा झाला होता.

त्या माउली आज इथे बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहे.

त्यानंतर मी बराच विचार केला आणि सहलीचं नियोजन उलट्या टोकाकडून करायला लागलो. आधी शेवटचा ठरवायचा. शेवटची गाडी सर्वांत अनुभवी माणसाची. पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी, दोरी, टॉर्च त्याच्याकडे. त्याच्या मागे आपल्यापैकी कुणीही कधीही नसेल. पुढचा त्याच्याइतका जाणता नसला तरी चालेल, त्याला फक्त वाट माहीत हवी आणि हळू चालवता आलं पाहिजे. नवखी मुलं पुढच्याच्या लगेच मागे, म्हणजे गाडीचा वेग त्यांच्यावरून ठरेल. मधल्या उत्साही मंडळींना कंटाळा येईल. येऊ द्या.

आणि मुख्य नियम एकच आहे, तो नीट ऐका. ज्याने त्याने फक्त आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. आरशात मागचा दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर मोकळी जागा बघून कडेला थांबायचं. वळणाच्या तोंडावर थांबायचं नाही. फाटा आला तर मागचा दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही. बघा, यात काय होतं. शेवटचा काही कारणाने थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, असं करत दोन-तीन मिनिटांत सगळी रांग आपोआप उभी राहते. ना फोन लागतो, ना रेंज. त्या दिवशी हा नियम असता तर दहाव्या नंबरच्या गाडीने पुढच्याच वळणावर पाय टेकला असता. म्हणून गट सहा-सात गाड्यांचेच करू. वीस गाड्या आल्या तर तीन गट, प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा वेगळा, आणि गटांत पंधरा मिनिटांचं अंतर.

आता थोडं खात्यातलं. घाटातल्या वळणावर आम्ही रस्त्याची बाहेरची कड उचलून घेतो, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. डोंगरी रस्त्यावर ही उचल शंभराला दहापर्यंत ठेवता येते. पण उचल असली की पाणी आतल्या कडेला वाहतं आणि माती-मुरूम तिथेच साठतो. तुम्ही वळण आतून कापायला जाता आणि नेमके त्या मुरमावर जाता. तेव्हा आपल्या डाव्या बाजूच्या मधोमध राहायचं, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा, गाडीला इंजिन धरून ठेवतं. गाडी बंद करून, न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत उतरणारे महाभाग आपल्यात आहेत, मला नावं माहीत आहेत. ज्यांच्याकडे बिनगिअरची स्कूटर आहे त्यांना ही इंजिनची पकड नीट मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. त्यांनी दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत-दाबत वापरायचे आणि मधे थांबून ते थंड होऊ द्यायचे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

अंतराचं म्हणाल तर, पुढच्याने दगड किंवा खांब ओलांडला की "एकशे एक, एकशे दोन" म्हणायचं, तोवर आपण तिथे पोचता कामा नये. रस्ता ओला असेल तर "एकशे चार"पर्यंत. सरळ रस्त्यावर तिरकी रांग, एक डावीकडे, एक जरा उजवीकडे. घाटात मात्र एकामागे एक.

काही जण म्हणतात, ऑगस्टमध्येच जाऊ, हिरवळ तेव्हाच असते. खरं आहे. पण जामच्या धुक्यात मागचा दिवा दिसत नाही, आणि आपला सगळा नियम दिसण्यावर उभा आहे. कोजागिरीपर्यंत पाऊस ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवाच असतो. परतीसाठी महेश्वरहून थेट मुंबई-आग्रा हायवेने या, रस्ता रुंद आहे, असाही आग्रह झाला. त्या हायवेवरच्या गणपती घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकांचे किती अपघात झाले ते तुम्ही पेपरात वाचलं आहेच. गुजरीपर्यंत आपल्याला त्याच रस्त्याने जावं लागतं, तेवढं पुरे.

हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही, आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला. त्या मुलाचा पट्टा लावलेला होता म्हणून मी आज इथे उभं राहून बोलू शकतो आहे. वहिनी, अंबाडा मोडेल, गजरा चुरगळेल, महेश्वरला पोचल्यावर नवा घेऊ. खिशात एका कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर. फोन कुलूपबंद असतो, कागद नसतो. कुणाला लागलं तर १०८, आणि मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती मनातून काढा. मोटर वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. आणि त्या दूधवाल्याने तर कायदा विचारलाही नव्हता. बरण्या लावलेल्या गाडीवर त्याने आमच्यासाठी वाट वाकडी केली. मी घाईत त्याचं नावसुद्धा विचारलं नाही, ते अजून मनाला लागतं.

आता शेवटचं. या वेळी पहिल्या गटाच्या शेवटच्या गाडीवर कोण, हे ठरलं आहे. तोच मुलगा. आता तो बावीसचा आहे, गेल्या दोन वर्षांत आमच्याबरोबर सात-आठ वेळा घाट उतरला आहे आणि आमच्यात सर्वांत संथ, सर्वांत सावध तोच चालवतो. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, मी मागे राहतो, पण आईला तुम्ही सांगा." मी सांगितलं. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. पहिल्या बैठकीला येऊन नियम स्वतः ऐकते, मग बघू, असं म्हणाल्या आहेत.

ती बैठक विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता याच हॉलमध्ये आहे. नाव देणाऱ्याने गाडी घेऊन यायचं. टायरची नक्षी, ब्रेक, मागचा दिवा आणि दोन्ही आरसे तिथेच बघू. ज्याच्या गाडीला आरसे नाहीत, आणि फॅशन म्हणून काढलेले मला पार्किंगमध्येच चार दिसले, त्याने ते लावूनच नाव द्यावं.