मूळ फाईल कुठे आहे?

(देवळाली कॅम्प येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाईलवर एक क्लिप येते. आवाज ओळखीचा, बोलणे संताप आणणारे. आपण ती लगेच पुढे पाठवतो. याची मूळ फाईल कुणाकडे आहे, हे मात्र विचारत नाही.

न्यायालये असे प्रश्न फार आधीपासून विचारत आली आहेत. १९७२ साली मुंबईच्या कुंभारवाडा मतदारसंघातून झियाउद्दीन बुखारी विधानसभेवर निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितल्याचा आरोप झाला आणि भाषणांच्या टेप पुराव्यात आल्या. निवडणूक रद्द झाली. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. टेप हाही दस्तऐवजच, असे न्यायालय म्हणाले, पण तीन अटी घातल्या: आवाज कुणाचा ते सिद्ध व्हावे, रेकॉर्डिंग अचूक असावे व त्यात छेडछाडीची शक्यता उरू नये, आणि मजकुराचा खटल्याशी संबंध असावा.

आता रेकॉर्डिंग मोबाईलवरही कापता-जोडता येते. पण जोड खुणा सोडू शकतो. समजा, बोलण्यामागे रेल्वेची शिट्टी ऐकू येते आणि ती मध्येच तुटते. किंवा खोलीचा घुमारा एका शब्दापासून बदलतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तिची बारीक गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरली असेल, तर तिच्यातला खंडही तज्ज्ञांना दिसू शकतो. मात्र फाईल पुन्हापुन्हा रूपांतरित झाली की या खुणा पुसट होतात.

म्हणून कुणी धमकी दिली, लाच मागितली आणि ते तुमच्याकडे रेकॉर्ड झाले, तर मूळ फाईल कापू नका, तिचा आवाज ‘साफ’ करू नका. ती ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपून ठेवा. ऐकवायला वेगळी प्रत करा.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलची हॅश द्यावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो. पण ठसा घेण्याआधीच कापाकापी झाली असेल, तर हॅश ते सांगत नाही. म्हणून फाईल पहिल्यापासून कुणाकुणाच्या हाती होती, याची नोंदही हवी.

एक शेवटचे. आपल्याविरुद्धची क्लिप आली की आपण म्हणतो, ‘तपासा’. आपल्याला सोयीची आली की म्हणतो, ‘पसरवा’. उद्या तुमच्या आवाजाची तुकडे जोडलेली क्लिप फिरली, तर तुम्हाला वाचवणारा नियम हाच असेल. तो आज दुसऱ्यासाठी पाळा.