घोडा कोणाचा? बारगीर आणि शिलेदार

मी नारायणगावचा, कामाने सॉफ्टवेअरवाला. आजचा विषय फौजेचा आहे, पण लढाया आज बाजूला ठेवू. फौज बांधलेली कशी होती, ते बघू.

अलेक्झांडरच्या मॅसेडोनियन फौजेचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पाच-सहा मीटर लांब भाले आणि राजाजवळचं ३,००० निवडक पायदळ, हजार-हजारच्या तीन तुकड्यांत. भारीच. पण शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या आपल्या पोरांना महाराजांच्या फौजेची रचना विचारा. तलवारीपलीकडे गाडी जात नाही.

तर ऐका. घोडदळात २५ बारगिरांवर एक हवालदार. त्या २५ मागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद. पाच हवालदारांवर जुमलेदार, म्हणजे १२५ घोडे. दहा जुमल्यांवर हजारी. हिशोब केला तर 'हजारी'कडे १,२५० भरतात! पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन आणि पालखी. ही माहिती सभासदाच्या बखरीतली. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून ती जिंजीला लिहिली गेली.

मला यातला नालबंद सगळ्यात आवडतो. नाल निसटली की घोडा लंगडतो, आणि घोडा लंगडला की स्वार मागे पडतो. त्यामुळे मेंटेनन्सचा माणूस टीममध्येच बसवलेला.

खास माणसं म्हणाल तर महाराजांच्या पालखीभोवती साधारण २,००० निवडक मावळे असत. पोशाख आणि हत्यारं सरकारातून. कोणी बंदूकवाले, कोणी भालाईत, कोणी विटेकरी, कोणी पट्टेकरी. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि दोरीने परत ओढायचा. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. त्यामुळे मनगट वळत नाही, वार खांद्यातून आणि सगळं अंग फिरवून करावा लागतो. वर्षानुवर्षं सराव केल्याशिवाय तो हातात बसत नाही.

आता मुद्द्याचं. स्वार दोन प्रकारचे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. शिलेदाराला मान जास्त, पैसाही जास्त. पण घोडा मेला की त्याचं भांडवलच मेलं. असा माणूस ऐन गर्दीत घोडा घालताना दोनदा विचार करणारच, त्यात भित्रेपणा कसला? बारगिराला ती धास्ती नाही. शिवाय ज्याच्या घरी घोडा घ्यायची ऐपत नाही, असं मावळातलं पोरही स्वार होऊ शकायचं. महाराजांनी पागा बळकट ठेवली आणि शिलेदारांना पागेच्या हुकुमाखाली ठेवलं.

पण पागेला घोडे लागतात. १६५७ साली महाराजांनी मोगलांच्या ताब्यातलं आपलं जुन्नर रात्री दोराच्या शिड्या लावून गाठलं. तीन लाख होनांबरोबर २०० घोडे नेले. २५ च्या हिशोबाने मांडा: आठ हवालदारांच्या तुकड्या उभ्या राहतील एवढे! आपण होन लक्षात ठेवतो, घोडे विसरतो.

पुढे पेशवाईत सरंजामी सरदारांची पथकं वाढत गेली. ज्याचा घोडा आणि ज्याचं पथक, त्याचा शब्द वजनदार झाला.

हे आज का सांगतोय? मंचरचा माझा एक मित्र पुण्यात डिलिव्हरी करतो. टी-शर्ट कंपनीचा, बाईक त्याची, हप्ताही त्याचाच. पावसात गाडी घसरली तर गॅरेजचं बिल त्याच्या खिशातून, आणि गाडी उभी तेवढे दिवस कमाई बंद. मला मात्र लॅपटॉप ऑफिसचा. बिघडला तर तासाभरात दुसरा. तो शिलेदार, मी बारगीर. फरक एवढाच की जुन्या शिलेदाराला जोखमीबरोबर मान आणि जादा पगार मिळायचा. माझ्या मित्राच्या वाट्याला नुसती जोखीम आलीय.

म्हणून कोणी 'आमच्याकडे तू स्वतःचा मालक' म्हणत नोकरी देऊ केली, तर सही करण्याआधी एकच विचारा: घोडा मेला तर कोणाचा?

तुमच्या घरी पागा, शिलेदारी यांच्या जुन्या आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. जय शिवराय!