‘गणित कच्चं’ म्हणण्यापूर्वी

‘आमच्या बंडूचं गणित अगदी कच्चं आहे हो!’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! पाहुण्यांपुढे बोलतो, शेजाऱ्यांपुढे बोलतो, आणि बहुधा बंडू दाराआडून ऐकत असतानाच बोलतो. पुढे पुढे बंडूही तेच म्हणू लागतो. एकदा हा शिक्का त्याने मनावर मारून घेतला, की अवघड उदाहरण दिसताच तो पेन्सिल खाली ठेवतो.

आता प्रश्न असा, की गुण कमी म्हणून उमेद खचते, की उमेद खचते म्हणून गुण कमी? अभ्यासकांचे मत असे, की दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. ज्याला उमेद आहे तो अडलेल्या उदाहरणाशी जरा अधिक वेळ झुंजतो. झुंजला की ते केव्हातरी सुटते, आणि सुटले की उमेद वाढते. उलट्या दिशेनेही हेच चक्र फिरते.

परंतु येथे एक गंमत आहे, बरं का. १९९५ पासून दर चार वर्षांनी ‘टिम्स’ नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी होते. तीत जपान आणि दक्षिण कोरियाची मुले गुणांत वरच्या रांगेत असतात. पण ‘मला गणित चांगले येते’ असे छातीठोकपणे सांगणारी मुले तेथे थोडी! मग उमेदीला अर्थ नाही का? तसे नव्हे. त्याच जपानात एका मुलाची दुसऱ्याशी तुलना केली, तर विश्वास असलेली मुलेच सरस ठरतात.

याचा उलगडा आपल्या एका म्हणीत आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी! मूल स्वतःला जोखते ते शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे पाहून. हुशारांच्या वर्गात धडधाकट गाईलाही आपण लंगड्या आहोत असे वाटू लागते. हर्बर्ट मार्श या संशोधकाने १९८०च्या दशकात ही गोष्ट अभ्यासाने दाखविली. तेव्हा तुलनेवर उभी राहिलेली उमेद शाळा बदलली की डळमळते.

मग पक्की उमेद येते कोठून? अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजाबाकीत फार मागे पडलेली मुले त्यांनी निवडली. एका गटाला सांगितले, ‘रोज सहा पाने सोडवा.’ दुसऱ्याला सांगितले, ‘सात बैठकींत बेचाळीस पाने संपवा.’ हिशेब एकच! परंतु पहिला गट वजाबाकीतही पुढे गेला आणि विश्वासातही. रोज काहीतरी पुरे झाल्याचे त्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

म्हणून नुसते ‘तू हुशार आहेस’ म्हणून भागत नाही. चूक नेमकी कोठे आहे, ते पाहावे लागते. ५०२ मधून १७८ वजा करताना एखादी मुलगी ४७६ असे उत्तर लिहिते. आपण म्हणतो, ‘डोकंच नाही!’ अहो, नीट पाहा. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. तिची वजाबाकी चुकलेली नाही. शून्य आले असता हातचा कोठून आणायचा, एवढेच तिला कळलेले नाही. ते एकदा दाखवा. मग तशीच चार उदाहरणे तिची तिलाच सोडवू द्या. ३२४ हे उत्तर आपले आपण आले, की तिच्या चेहऱ्याकडे पाहा.

तेव्हा पालकहो, गुरुजनहो, आज मुलाची वही उघडाल तेव्हा शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. गेल्या महिन्यात न येणारे असे आज काय येते, ते विचारा. आणि पाहुण्यांपुढे सांगायचेच असेल, तर तेवढे सांगा. बंडू दाराआडून ऐकतच असतो.